बसवलेला दगड, चिकटवलेला दगड

इमारतीच्या दर्शनी भिंतीवर दगड दोन तऱ्हांनी येतो. एक तर तो बसवलेला असतो, नाहीतर चिकटवलेला. बसवलेला दगड वरच्या थराचा भार अंगावर घेतो आणि खालच्या थरावर सोडतो. तिथे दगड हीच भिंत असते. चिकटवलेला दगड जेमतेम दीड-दोन बोटे जाडीचा असतो. मागे विटांची किंवा काँक्रीटची भिंत असते आणि सिमेंट, रसायन किंवा धातूच्या पिना त्या दगडाला तिच्याशी धरून ठेवतात. बांधकामावर पहिल्याला दगडी बांधकाम म्हणतात आणि दुसऱ्याला क्लॅडिंग. इमारत नवी असते तेव्हा छायाचित्रात दोन्ही सारखी दिसतात. दहा पावसाळे गेले की सारखी राहत नाहीत.

विद्यापीठाच्या इमारतीत हा फरक जास्त महत्त्वाचा ठरतो. दुकान किंवा कचेरी वीस-पंचवीस वर्षांत आपले तोंड बदलते. विद्यापीठ मात्र त्याच जागी, त्याच पायरीवर पिढ्यान् पिढ्या उभे असते. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ची. त्याचे दीक्षान्त सभागृह १८७४मध्ये पूर्ण झाले आणि ते आजही उभे आहे. आज नवी शैक्षणिक इमारत उभारताना दर्शनी भागाला दगड लावायचा असे ठरते, तेव्हा मनात बहुधा याच जुन्या इमारतींची आठवण असते. ती आठवण दगडाच्या रंगापुरती ठेवायची की दगडाच्या कामापर्यंत न्यायची, यावर त्या इमारतीचा दर्जा ठरतो.

मुंबईत या विषयाची दोन टोके एकाच शहरात पाहता येतात. दक्षिणेला फोर्टमधील विद्यापीठाची इमारत आणि उत्तरेला गोराईच्या खाडीकाठचा ग्लोबल विपश्यना पॅगोडा. पॅगोडा हे विद्यापीठ नाही, ते ध्यान शिकण्याचे आणि करण्याचे ठिकाण आहे. पण आजच्या काळात भार वाहणारा दगड इतक्या मोठ्या प्रमाणावर वापरलेली दुसरी इमारत मुंबईत नाही. म्हणून दगडाचे खरे काम काय, हे समजून घ्यायला गोराईइतकी चांगली जागा नाही.

गोराईचा स्वतःचा खडकही या गोष्टीत आहे. दख्खनचे काळे बेसाल्टचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. गोराई, मनोरी आणि उत्तन-डोंगरीच्या किनाऱ्यावर त्यानंतरच्या, सुमारे ६.२ ते ६.३ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी हालचालींतले ट्रॅकाइट आणि ऱ्हायोलाइट हे खडक सापडतात. त्यांत सिलिकाचे प्रमाण बेसाल्टपेक्षा जास्त असते, त्यामुळे रंग फिकट, पिवळसर किंवा राखी. मुंबईच्या इमारतींत ‘मालाडचा दगड’ म्हणून जो ओळखला जातो तो याच घराण्यातला ट्रॅकाइट. मनोरीच्या खाडीपलीकडे, मार्वेच्या वाटेवर खारोडी हे गाव आहे. १९२४मध्ये पूर्ण झालेल्या गेटवे ऑफ इंडियाचा पिवळा दगड खारोडीचा. अपोलो बंदरावर आलेल्या माणसाला ज्या दगडाने मुंबईची पहिली ओळख करून दिली, तो उपनगरातल्या एका गावच्या खाणीतला होता.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या गवंड्यांपुढे तीन-चार दगड असत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असे. कुर्ल्याचा दगड कठीण, टिकाऊ, टाकी सहजी न घेणारा. तो भिंतीच्या अंगाला. पायाला आणि जोत्याला काळा पाषाण. नक्षी, कंगोरे, खांबांची शीर्षे आणि जाळ्या यांना पोरबंदरचा दगड. पोरबंदरचा दगड हा सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा चुनखडक, समुद्री शिंपल्यांच्या बारीक कणांचा बनलेला. गलबतातून मुंबईला आणायला सोपा आणि छिन्नीला मऊ. मऊपणामुळेच तो दीडशे पावसाळ्यांत आणि खाऱ्या वाऱ्यात झिजतो, त्याच्या कडा बोथट होतात. शेजारचा कुर्ल्याचा दगड मात्र टाकीच्या घावांसकट तसाच राहतो. कुठला दगड कुठे वापरायचा हा निर्णय रंगाचा नव्हता. हात कुठे लागणार, पाणी कुठून उतरणार आणि नक्षी कुठे पडणार, याचा तो हिशेब होता.

हा हिशेब या परिसरात इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून मांडलेला आहे. गोराईची खाडी ओलांडली की बोरिवली, आणि बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरी. इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षे इथे शंभराहून अधिक लेणी खोदली गेली. बौद्ध भिक्षूंच्या राहण्याची, शिकण्याची आणि वर्षावासाची ही जागा. इथे दर्शनी भाग वेगळा बांधलेला नाही, तो डोंगरातूनच काढलेला आहे. तरीही त्याच्या रचनेत पाण्याचा विचार पहिला. लेण्यांच्या बाजूला खडकात कोरलेल्या टाक्या आहेत आणि उतारावरचे पाणी टाक्यांकडे वळवणारे पन्हळ कोरलेले आहेत. दाराच्या तोंडावरून धो धो उतरणारे पावसाचे पाणी आधी बाजूला काढायचे, मग साठवायचे. दर्शनी भागाच्या दर्जाचा हा पहिला धडा इतक्या जवळ असूनही सहसा कोणी त्याच्याकडे त्या नजरेने पाहत नाही. बोरिवलीतच मंडपेश्वरच्या लेण्यांवर सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्री अंतोनियो दो पोर्तो याच्या पुढाकाराने मठ आणि विद्यालय उभे राहिले. त्याच्या दगडी भिंतींचे अवशेष आजही लेण्यांच्या माथ्यावर आहेत. छप्पर गेले, भिंती राहिल्या.

फोर्टमधील विद्यापीठाच्या इमारतींचा आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. स्कॉट भारतात कधीच आले नाहीत. त्याच सुमारास ते ग्लासगो विद्यापीठाची गॉथिक इमारत उभारत होते. ती तिथल्या फिकट वालुकाश्मात बांधली गेली. मुंबईसाठी त्यांनी पाठवलेली रेखाटने इथल्या अभियंत्यांनी आणि पाथरवटांनी इथल्या दगडात उतरवली. दीक्षान्त सभागृहासाठी सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी एक लाख रुपये दिले. ग्रंथालय आणि मनोरा यांच्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली आणि मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे नाव दिले. कोनशिला १ मार्च १८६९ रोजी बसली, काम नोव्हेंबर १८७८मध्ये पुरे झाले. मनोऱ्याची उंची २८० फूट, म्हणजे सुमारे ८५ मीटर.

या इमारतीकडे ओव्हल मैदानावरून पाहिले की मनोराच डोळ्यांत भरतो. दर्शनी भागाचे खरे काम मात्र खाली, ग्रंथालयाच्या कमानींच्या ओळीत आणि कोपऱ्यांवरच्या गोल जिन्यांत चालते. ही पश्चिमेची बाजू आहे. पावसाळ्यात वारा समुद्रावरून सरळ इथे येतो आणि उन्हाळ्यात दुपारचे ऊनही इथेच पडते. उघड्या कमानींच्या मागे सज्जा आणि त्याच्या मागे वाचनालयाची भिंत, अशी ही खोल रचना आहे. वाऱ्याबरोबर येणारे पाणी कमानींच्या थराशी थांबते, ऊनही तिथेच अडते. दगडाच्या खोलीमुळे सावली पडते आणि सावलीमुळे कोरीव काम वाचता येते. हीच नक्षी सपाट भिंतीवर असती तर दुपारच्या उन्हात पुसून गेली असती. स्कॉट यांनी गॉथिक शैली युरोपातून आणली हे खरे, पण ओसरीचा हा खोल पट्टा नसता तर ती शैली मुंबईच्या हवेत टिकली नसती.

मनोऱ्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत. त्यांचे नमुने कामावरचे सहायक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडवले. परक्या शैलीच्या इमारतीवर पागोटी, अंगरखे आणि मिशा आल्या त्या त्यांच्यामुळे. दर्जाचा विचार करताना ही बाब महत्त्वाची आहे. लंडनच्या कागदावर ज्या जागा मोकळ्या होत्या, त्या कामावरच्या माणसाने भरल्या आणि त्याला तशी मुभा होती. आजच्या कंत्राटात पाथरवटाला अशी मुभा कुठे असते, हा प्रश्न कुठल्याही नव्या इमारतीपुढे उभे राहून विचारता येतो.

२०१३ ते २०१५ या काळात ग्रंथालय आणि राजाबाई मनोऱ्याचे जतनाचे काम झाले. संवर्धन-वास्तुविशारद होत्या बृंदा सोमय्या, पुढाकार इंडियन हेरिटेज सोसायटीचा आणि आर्थिक साहाय्य टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे. अशा जुन्या इमारतींवर काम करणाऱ्यांना एक त्रास हमखास भेटतो. मधल्या काळात कुणीतरी दगडांच्या दरजा सिमेंटने भरलेल्या असतात. चुना मऊ असतो, श्वास घेतो. भिंतीतली ओल दरजेतून बाहेर पडते. सिमेंट भरले की ओल दगडातून बाहेर पडू लागते, बरोबर मीठ आणते, आणि दगडाचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटू लागतो. दगडाला वाचवायचे तर दरज दगडापेक्षा मऊ हवी. जे झिजायचे ते दरजेत झिजावे, कारण दरज पुन्हा भरता येते, दगड पुन्हा भरता येत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी गॉथिक सोडून भारतीय आणि अभिजात युरोपीय वळणे घेतली, दगड मात्र उपनगरातलाच ठेवला. गेटवे त्यांचाच. वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीला त्यांनी कुर्ल्याचा राखी आणि मालाडचा पिवळसर दगड वापरला. आजची शासकीय विज्ञान संस्था, म्हणजे तेव्हाची रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, हीही विटेट यांचीच. एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम महाविद्यालये, माध्यमिक शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालय आणि ही विज्ञान संस्था मिळून २०१९मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झाले. नवे विद्यापीठ आणि जुनी दगडी भिंत असा योग महाराष्ट्रात आणखी एका ठिकाणी जुळला होता. १९४९मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले ते गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात. १८६०च्या दशकात जेम्स ट्रबशॉ यांच्या आराखड्यानुसार करड्या दगडात सुरू झालेली ती इमारत आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे.

मग दगड गेला. त्याची कारणे सरळ आहेत. काँक्रीटच्या सांगाड्याने भिंतीच्या डोक्यावरचा भार काढून घेतला. भार नसलेल्या भिंतीला जाडी लागत नाही. दहा मीटर लांबीची भिंत ६० सेंटिमीटर जाडीची घेतली तर सहा चौरस मीटर जागा भिंतीतच जाते; १५ सेंटिमीटरच्या भिंतीत दीड चौरस मीटर. जिथे चटईक्षेत्र मोजून मिळते त्या मुंबईत हा फरक फार मोठा. शिवाय दगडी भिंत हळूहळू चढते, आणि ती चढवणारे वडार आणि पाथरवट कमी होत गेले. कलिन्याच्या सुमारे २३० एकरांच्या विद्यानगरीत विद्यापीठ वाढले ते काँक्रीटच्या काळात. शिक्षणाचा विस्तार लाखो विद्यार्थ्यांपर्यंत न्यायचा होता, तो दगडी भिंतींच्या वेगाने झाला नसता. त्याबद्दल काँक्रीटला दोष देणे बरोबर नाही. अडचण पुढे सुरू झाली. सांगाडा काँक्रीटचाच ठेवून त्याला जुन्या दगडाचा चेहरा देण्याची हौस आली, आणि चेहऱ्यामागचा विचार मागेच राहिला.

गोराईला जो विचार झाला तो नेमका उलट होता. पॅगोड्याची आखणी १९९७मध्ये सुरू झाली, बांधकाम २०००मध्ये. आपले गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याविषयी कृतज्ञता म्हणून विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांच्या प्रेरणेने हे काम हाती घेतले गेले. रूप घेतले यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्याचे. श्वेडगॉन आतून भरीव आहे. गोराईला मात्र आत हजारो माणसांनी एकत्र ध्यानाला बसायचे होते आणि मध्ये एकही खांब नको होता. इमारत हजार वर्षांहून अधिक टिकावी हा हेतू होता. काँक्रीटमधली लोखंडी सळई समुद्राच्या हवेत इतकी वर्षे टिकत नाही. म्हणून घुमट दगडाचा.

पाया बेसाल्टचा, घुमट राजस्थानातून आणलेल्या वालुकाश्माचा. एकेक दगड ६०० ते ७०० किलोंचा. घुमटाचा आतला व्यास सुमारे ८५ मीटर, आठ हजारांवर माणसे आत बसतात. विजापूरच्या गोलघुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे, त्याच्या दुपटीहून हा मोठा. योगायोग असा, की राजाबाई मनोरा आडवा केला तर तो या घुमटाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जवळजवळ बरोबर मावेल. एकाच शहरातली दगडाची ही दोन कामे, एक उभे आणि एक आडवे, अगदी एका मापाची आहेत.

घुमट उभा राहतो तो दगडाच्या एका गुणावर. दगड दाब भरपूर सोसतो, ताण मात्र फारसा सोसत नाही. घुमटाच्या वरच्या भागात प्रत्येक वलयातले दगड एकमेकांना दाबत राहतात, त्यामुळे वलय पुरे झाले की ते आपोआप घट्ट होते. खालच्या भागात उलटे घडते. तिथे वलय बाहेर फाकू पाहते. गोराईचे दगड म्हणून नुसते एकावर एक ठेवलेले नाहीत. प्रत्येक दगड शेजारच्या दगडात अडकेल अशा खाचा आणि उंचवटे देऊन तो घडवलेला आहे आणि उरलेल्या फटीत चुन्याचा मसाला आहे. दगड सरकायचा म्हटला तर त्याला शेजाऱ्यालाही सरकवावे लागेल. चुन्याला घाई नसते. तो वर्षानुवर्षे घट्ट होत राहतो, आणि बारीक चीर पडली तर पाण्याबरोबर विरघळलेला चुना तिच्यात पुन्हा साचून ती बुजवतो. २९ ऑक्टोबर २००६ रोजी मुख्य घुमटाच्या मध्यभागी चावीचा दगड बसला आणि त्यात बुद्धाचे अस्थिअवशेष ठेवले गेले. त्यावर आणखी दोन लहान घुमट चढले. ८ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झाले.

पॅगोडा बाहेरून सोनेरी रंगाचा आहे. खाडी ओलांडताना बोटीतून दिसतो तो रंगच. दगड दिसतो आत गेल्यावर. छताकडे मान वर केली की एकात एक लहान होत जाणारी दगडाची वलये दिसतात, प्रत्येक दरज स्पष्ट, आणि नजर आपोआप मधल्या बिंदूकडे जाते. इमारत कशी उभी आहे हे तिथे न सांगता कळते. दगडी कामाच्या दर्जाची याहून चांगली कसोटी सांगता येणार नाही: दगडाकडे पाहून त्याचे काम कळावे.

मात्र प्रत्येक विद्यापीठाने घुमट बांधावा असा याचा अर्थ नाही. वर्गखोल्या, प्रयोगशाळा, उद्वाहने, वातानुकूलन, केबलींचे जाळे, सहा-सात मजले, हे सगळे सांगाड्याच्या इमारतीतच नीट बसते. प्रश्न इतकाच, की सांगाडा आणि दगड यांचे नाते प्रामाणिक कसे ठेवायचे. त्याचे उत्तम उत्तर महाराष्ट्रातच आहे, पुण्याच्या आयुकात.

आयुका, म्हणजे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठीय केंद्र, १९८८मध्ये स्थापन झाले. संस्थापक संचालक जयंत नारळीकर आणि वास्तुविशारद चार्ल्स कोरिया. पुणे विद्यापीठाच्या आवारालगतच्या या इमारतींत कोरियांनी तीन काळे दगड एकावर एक वापरले. खाली इथलाच खडबडीत काळा पाषाण. त्याच्यावर जास्त काळा कडप्पा. आणि सर्वांत वर घोटून चकचकीत केलेला काळा ग्रॅनाइट. भिंतीजवळ उभे राहिले की हाताला खालचा दगड खरखरीत लागतो. नजर वर जाईल तसा काळेपणा वाढत जातो आणि अगदी वरच्या ग्रॅनाइटमध्ये आकाश आणि ढग उमटतात. भिंत नेमकी कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होते ते कळेनासे होते. अवकाशाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेला याहून समर्पक दर्शनी भाग कुठला? तिन्ही दगड दख्खनच्या बांधकामात रोज वापरले जाणारे. कडप्पा तर घराघरातल्या ओट्याला असतो. दर्जा दगडाच्या किमतीतून आलेला नाही, कुठला दगड कुठे यातून आला आहे. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी बंगळुरूच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत हेच खडबडीत ग्रॅनाइट आणि काँक्रीट शेजारी ठेवून केले: कुठला भाग काय करतो ते झाकले नाही.

आता पातळ दगडाकडे. तीन सेंटिमीटर जाडीची, ६० बाय ९० सेंटिमीटरची ग्रॅनाइटची फरशी सुमारे ४४ किलोंची भरते. ती भिंतीवर दोन प्रकारे राहते. ओल्या पद्धतीत मागे सिमेंटचा मसाला किंवा कारागीर ज्याला नुसते ‘केमिकल’ म्हणतात ते चिकटद्रव्य असते. कोरड्या पद्धतीत फरशी भिंतीपासून थोडी पुढे, धातूच्या कंसांवर आणि पिनांवर टांगलेली असते. कोरडी पद्धत मुंबईच्या पावसाला जास्त योग्य. दगडामागे हवेची फट राहते, आत आलेले पाणी त्या फटीतून खाली उतरते, आणि उन्हाने तापलेला दगड मागच्या भिंतीला थेट तापवत नाही. म्हणून क्लॅडिंग म्हणजे खोटेपणा असे सरसकट म्हणता येत नाही. नीट टांगलेली फरशी ही भिंतीची छत्री असते.

बिघाड होतो तो बारीक जागी. पिन बसवण्यासाठी फरशीच्या तीन सेंटिमीटरच्या कडेत मध्यभागी चार-पाच मिलिमीटरची खाच मारतात. खाचेच्या दोन्ही बाजूंना उरतो तो बारा-तेरा मिलिमीटर दगड. वाऱ्याचा सगळा धक्का आणि ओढ त्या करंगळीएवढ्या पट्टीवर येते. इमारतीच्या कोपऱ्यांवर आणि माथ्यावर वारा दगडाला आत ढकलत नाही, बाहेर खेचतो. पिन साध्या लोखंडाची असेल तर खाऱ्या हवेत ती गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, आणि ती जागा तो दगड फोडून घेतो. खाचेजवळ आधी केसाएवढी चीर दिसते, तिच्या कडेने तांबूस ओघळ उतरतो, मग एका पावसाळ्यात कोपरा सुटतो. हे वाचवायला स्टेनलेस स्टील लागते. खर्चात काटछाट करताना नेमके तेच आधी बदलले जाते, कारण ते कुणाला दिसत नाही. बाहेरच्या दगडी आवरणासाठी भारतीय मानक आयएस ४१०१चा पहिला भाग १९६७पासून आहे; नियमांची कमतरता नाही.

पातळ दगडाचा सर्वांत महाग धडा शिकागोने घेतला. तिथल्या ८३ मजली अमोको इमारतीला १९७०च्या दशकात इटलीतल्या कॅराराच्या संगमरवराचे सुमारे ४३ हजार पातळ तुकडे लावले होते. संगमरवराचे स्फटिक उष्णतेने वेगवेगळ्या दिशांना कमी-जास्त फुगतात आणि थंड झाल्यावर पूर्ववत होत नाहीत. तुकडे ताटलीसारखे वाकू लागले, त्यांची ताकद घटली. १९९०नंतरच्या दोन वर्षांत सगळे काढून जाड ग्रॅनाइट बसवावे लागले. खर्च ८ कोटी डॉलरांवर गेला. याच्या उलट येल विद्यापीठाचे १९६३चे बायनेकी ग्रंथालय. तिथेही संगमरवर पातळच आहे, पण तो जाड असल्याचे सोंग करत नाही. पातळ आहे म्हणून त्यातून उजेड आत झिरपतो, आणि दुर्मीळ ग्रंथांना थेट ऊन न लागता आतले दालन उजळते. पातळपणालाच काम दिले की तोही दर्जा होतो.

नव्या विद्यापीठीय इमारतीची दर्शनी भिंत पाहताना नजर आधी कोपऱ्यावर न्यावी. दोन फरश्या कोपऱ्यात मिळतात तिथे त्यांची तीन सेंटिमीटरची कड उघडी पडते आणि भिंतीची जाडी किती ते लगेच कळते. कडा तिरप्या कापून जुळवल्या तर जोड सुरेख दिसतो, पण ती धारदार कड पहिल्याच धक्क्याला उडते. चांगल्या कामात कोपऱ्याला अखंड घडीव दगड असतो. ‘कोनशिला’ हा शब्द मुळात या कोपऱ्यातल्या दगडाचाच. आज तो उद्घाटकाच्या नावाच्या संगमरवरी पाटीला उरला आहे आणि प्रत्यक्ष कोपरा दुर्लक्षित राहतो.

त्यानंतर पाहावी खिडकी. जुन्या भिंतीत खिडकी हातभर आत असते. पातळ आवरणाच्या भिंतीत ती पृष्ठभागाशी सपाट येते आणि पावसाचा मार काचेवर, चौकटीवर आणि तिच्या सांध्यावर बसतो. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत आणि वाऱ्याबरोबर आडवा, अशा शहरात छज्जा हा अलंकार मानणे परवडत नाही. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी एक बारीक खाच असते. ती नसेल तर थेंब उलटा फिरून भिंतीवर येतो आणि दोन वर्षांत दगडावर काळे ओघळ धरतात. कान्हेरीच्या कारागिरांनी पाणी दारावरून बाजूला काढले होते. ही खाच तेच काम करते, आणि तिला जवळजवळ काही खर्च येत नाही.

याहून मोठी अडचण आहे कामाच्या क्रमाची. सार्वजनिक विद्यापीठात इमारत बहुधा दरसूचीच्या बाबींनी मोजली जाते आणि सर्वांत कमी दराला दिली जाते. दगड त्यात ‘एलिव्हेशन’ची एक बाब म्हणून, चौरस मीटरच्या भावाने येतो. चौरस मीटरमध्ये पृष्ठभाग मोजला जातो. कोपरा, दरज, खाच, पिन यांचे मोजमाप त्यात नसते. जे मोजले जात नाही त्यासाठी कुणी भांडत नाही. नकाशे आधी रिकाम्या भिंतीचे होतात आणि दगड कुठला हे शेवटी ठरते. वास्तविक फरशीचे माप, थरांची उंची आणि दरजेची रुंदी आधी ठरली तर खिडक्या त्या मापात बसतात आणि कापाकापीत दगड वाया जात नाही. एकदा उभारलेला दोन मीटर उंच नमुना, त्यात एक कोपरा, एक खिडकी आणि एक छज्जा, आणि तो एक पावसाळा तसाच उघड्यावर: एवढे केले तर निम्म्याहून अधिक चुका इमारतीवर जाण्याआधी सापडतात. विद्यापीठांना वेळ असतो. बिल्डरला नसतो, त्यांना असतो.

शेवटची बाब दुरुस्तीची. मालाड-कुर्ल्याच्या जुन्या खाणींवर आता वस्ती आहे. तिथून इमारतीचा दगड निघत नाही. फोर्टमधल्या इमारतीचा एखादा दगड बदलायचा तर जुळता दगड दुसरीकडून शोधून आणावा लागतो. नव्या इमारतींचेही पन्नास वर्षांनी हेच होणार आहे. म्हणून दगड विकत घेतानाच खाणीचे नाव, थर आणि ब्लॉकचा क्रमांक इमारतीच्या कागदपत्रांत नोंदवलेला असावा. त्याच ब्लॉकमधल्या काही फरश्या तळमजल्यावर उभ्या करून ठेवलेल्या असाव्यात. पिना कुठल्या धातूच्या आहेत आणि कुठे बसवल्या आहेत याचा नकाशा विद्यापीठाच्या अभियंत्याकडे असावा, आणि दर पावसाळ्याआधी कोपऱ्यांवरच्या आणि माथ्यावरच्या फरश्या लाकडी हातोडीने हलके वाजवून पाहाव्यात. घट्ट बसलेला दगड टणक वाजतो, सुटलेला भदभदतो.